वरचढ खेळाडूपुढे मोहरी मारत सुटलं तर बरोबरी का होत नाही?

बुद्धिबळ खेळणाऱ्या एका मुलाच्या वडिलांनी विचारलं आहे: "मुलगा सोळा वर्षांचा, रेटिंग (खेळाडूच्या ताकदीचा आकडा) १६१२. ओपन (सगळ्यांना खुल्या) स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत २२४० चा खेळाडू समोर आला. मुलाकडे पांढरी मोहरी होती. घरातून ठरवूनच गेला होता, की मारामारी करत जायचं, पट रिकामा करायचा आणि अर्धा गुण घेऊन यायचं. तिसाव्या चालीला दोघांकडे एकेक घोडा आणि सात-सात प्यादी उरली होती. तरीही ४७ व्या चालीला डाव सोडला. इंजिन, म्हणजे डाव तपासणारा संगणक प्रोग्राम, एकही मोठी चूक दाखवत नाही. मग चुकलं कुठे?"

चाली पाठवल्यात हे फार बरं केलंत. डाव दोनदा पटावर मांडून पाहिला. इंजिन म्हणतं ते खरं आहे, मोहरं फुकट गेलं असं कुठेच नाही. पण त्याच इंजिनचे आकडे एकाखाली एक लिहून बघा. उणे म्हणजे पांढरा मागे, आणि एक म्हणजे साधारण एका प्याद्याएवढा फरक. दहाव्या चालीला उणे ०.२, मग उणे ०.५, मग ०.८, आणि तिसाव्या चालीपर्यंत दीडच्या वर. एकदम घसरण नाही, दर मारामारीमागे थोडी थोडी झीज आहे. मुलगा एका चालीवर हरलेला नाही, तो त्या ठरवलेल्या बेतामुळेच हरला आहे.

त्याने फ्रेंच बचाव या ओपनिंगमध्ये (डावाच्या ठरलेल्या सुरुवातीत) तिसऱ्या चालीला डी५ वर प्यादं मारलं (घरांची नावं अशीच: ए ते एच हे उभे रकाने, १ ते ८ या आडव्या ओळी). इथवर ठीक, ती चाल वाईट नाही. पुढे काळ्याने एफ५ वर उंट आणला, तुमच्या मुलाने तो लगेच डी३ वरच्या उंटाने मारला, आणि ई७ वर निवांत बसलेला काळा घोडा आयता एफ५ वर आला. मग ई फाइलवर, म्हणजे ई या उभ्या रकान्यात, दोघांचे हत्ती समोरासमोर आले. मुलाने ई८ वर स्वतःहून मारलं, काळ्याने वजिराने परत मारलं आणि फाइल काळ्याची झाली. दोन्ही वेळा मोहरी सारखीच गेली, पण मारताना पांढऱ्याची एक चाल खर्च झाली आणि परत मारताना काळ्याचं एक मोहरं चांगल्या घरावर गेलं. अशी चार-पाच देवाणघेवाण झाली की समोरच्याची सगळी मोहरी कामाला लागलेली असतात आणि आपली घरातच असतात. शेवटचे घोडे मारले तेव्हा पांढरा राजा एफ१ वर होता आणि काळा राजा डी६ वर. प्याद्यांच्या एन्डगेममध्ये (डावाच्या शेवटच्या टप्प्यात) हे अंतर म्हणजे जवळजवळ निकालच. मुलाला वाटलं, आणखी एक मोहरं गेलं, बरोबरी आणखी जवळ आली. प्रत्यक्षात २२४० च्या खेळाडूसाठी डाव तिथेच सोपा झाला.

ही समजूत त्याची एकट्याची नाही. वर्गात येणारी निम्मी मुलं ती घरून घेऊनच येतात, आणि बऱ्याचदा आपणच ती दिलेली असते. 'मोठा खेळाडू आहे ना, मग सोपं कर.' पण पट सोपा झाला की डाव सोपा होत नाही. मोहरी कमी असली की प्रत्येक चालीचं वजन वाढतं, आणि १६०० आणि २२०० यांच्यात सगळ्यात मोठी दरी एन्डगेमच्या ज्ञानातच असते. ओपनिंग दोघांनीही यूट्यूबवर पाहिलेलं असतं. हत्ती-प्याद्यांचे एन्डगेम मात्र २२०० वाल्याने वर्षानुवर्षं रात्री घरी बसून केलेले असतात.

नुसत्या बरोबरीसाठी खेळणं मोठ्यांनाही पेलत नाही. १९९० साली मनिलाला इंटरझोनल, म्हणजे जगज्जेतेपदाच्या वाटेवरची पात्रता स्पर्धा झाली. शेवटच्या फेरीत मिखाइल गुरेविचला नायजेल शॉर्टविरुद्ध पांढऱ्या मोहऱ्यांनी फक्त अर्धा गुण पुरेसा होता. त्याने फ्रेंचमध्ये तुमच्या मुलासारखीच डी५ वर प्याद्यांची अदलाबदल केली आणि हरला. शॉर्ट पुढे गेला, आणि त्याच वाटेने १९९३ मध्ये कास्पारोव्हसमोर जगज्जेतेपदाच्या लढतीला बसला. गुरेविच त्या काळच्या जगातल्या अगदी वरच्या खेळाडूंपैकी होता. बरोबरी पुरेशी आहे हे एकदा डोक्यात बसलं की माणूस चांगली चाल शोधायचं थांबवतो आणि निरुपद्रवी चाल शोधायला लागतो.

मग मारायचंच नाही का? मारायचं, पण कशासाठी ते ठाऊक असलं पाहिजे. यासाठी मी मुलांना नेहमी एकच डाव दाखवतो, आणि तुम्ही दोघांनी तो एका रविवारी पटावर मांडावा असं मला मनापासून वाटतं. मीर सुलतान खान विरुद्ध कापाब्लांका, हेस्टिंग्ज, १९३०-३१ ची स्पर्धा.

सुलतान खान पंजाबातल्या सरगोधा भागातला, सर उमर हयात खान यांच्या पदरी असलेला माणूस. तो लहानपणापासून आपलं देशी बुद्धिबळ खेळला, ज्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जातं. विलायती नियम त्याने मोठेपणी शिकून घेतले. १९२९ मध्ये मालकाबरोबर इंग्लंडला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकला. पुढे १९३२ आणि १९३३ लाही जिंकला. ओपनिंगच्या युरोपी पुस्तकांवर तो वाढलेला नव्हता. समोर कापाब्लांका: १९२१ ते १९२७ जगज्जेता, आणि १९१६ ते १९२४ अशी आठ वर्षं एकही डाव न हरलेला. रेटिंगची पद्धत तेव्हा नव्हती, पण त्या दिवशी हॉलमधल्या कुणालाही विचारलं असतं तर वरचढ कोण हे त्याने न थांबता सांगितलं असतं.

सुलतान खानने पांढऱ्या मोहऱ्यांनी घोडा एफ३, मग डी४, सी४ असा साधा डाव मांडला. कापाब्लांकाने तिसऱ्याच चालीला उंट बी७ वर आणला. हा उंट लक्षात ठेवा, सगळा डाव त्याच्याभोवती आहे.

सहाव्या चालीला पांढऱ्याने सी प्याद्याने डी५ वर मारलं, काळ्याने ई प्याद्याने परत मारलं. पहिली मारामारी. तिने काय केलं? डी५ वर काळ्याचंच प्यादं येऊन बसलं आणि बी७ च्या उंटाची वाट बंद झाली. तेराव्या चालीला पांढऱ्याच्या घोड्याने डी६ वरचा काळा उंट मारला, काळ्याने सी प्याद्याने परत मारलं. काळ्याचा चांगला उंट होता तो गेला, अडकलेला तेवढा उरला. शिवाय डी६ वर एक प्यादं आलं, ज्याच्यावर एफ४ वरचा पांढरा उंट पुढे डावभर नजर ठेवून बसला. सतराव्या चालीला ई४ वर घोड्याने घोडा मारला आणि काळ्याचं एफ प्यादं ई४ वर आलं. आता काळ्याची प्यादी डी५ आणि ई४ वर, दोन्ही पांढऱ्या घरांवर, आणि बी७ चा उंटही पांढऱ्याच घरांचा. स्वतःच्याच प्याद्यांमागे तो कोंडला गेला.

तीन मारामाऱ्या, आणि तिन्हींचा परिणाम एकाच मोहऱ्यावर. तुमच्या मुलाने पाच स्वतःहून केल्या, आणि प्रत्येक वेळी त्याने फक्त एवढंच मोजलं की पटावरून किती गेलं. सुलतान खान मागे काय उरतंय ते बघत होता.

पुढचा भाग मुलं डोळे विस्फारून बघतात. पांढऱ्याने जी प्यादं पुढे ढकलत घोड्याला ई८ वर हाकललं आणि २१ व्या चालीला उंट जी४ वर आणून सी८ च्या हत्तीवर रोखला. कापाब्लांका सी१ वर हत्तीने शह देत आत शिरला. तो हत्ती पांढऱ्याने मारला असता तर दुसऱ्या हत्तीने परत मारताना शहही बसतो आणि एच१ चा हत्तीही जातो. सुलतान खानने मारलाच नाही, राजा उचलून डी२ वर ठेवला. या डावात त्याने किल्लेकोट (राजाला हत्तीच्या आडोशाला नेण्याची चाल) केलेलाच नाही. मग काळ्याचा दुसरा हत्ती सी२ वर शह देत आला, आणि पांढऱ्याने वजीर देऊन दोन्ही हत्ती घेतले. आता पांढऱ्याकडे दोन हत्ती आणि दोन उंट, काळ्याकडे वजीर, ई८ चा घोडा आणि बी७ चा तोच उंट. काळा वजीर लगेच सी४ आणि बी३ पर्यंत येऊन गेला, पण त्याला शिरायला फट मिळेना. बी२ चं प्यादं हत्तीने राखलं, राजा उंटांच्या आणि प्याद्यांच्या आडोशाला होता, आणि वजिराच्या मदतीला यायला दुसरं कुणी मोकळंच नव्हतं. घोडा डी६ आणि सी७ राखण्यात गुंतलेला, उंटाबद्दल काय बोलावं!

यापुढच्या चाळीस चाली मी मुलांना घाईने दाखवत नाही. पांढऱ्याने हत्ती सी फाइलवर एकामागे एक लावले, बी४ केलं, एच५ केलं, राजा हळूहळू वजिराच्या बाजूला चालत नेला. कापाब्लांकाचा वजीर ३५ व्या चालीनंतर एच३, एच४, एच३, एच४ असा नुसता येरझारा घालतो आहे. बिचाऱ्याला करण्यासारखं काहीच नाही. जगज्जेता राहिलेला माणूस सहा-सात चाली नुसत्या वाट बघण्यात घालवतो, आणि समोर सुलतान खानला घाई नाही. ए४, राजा ए३, एच६, मग ४५ व्या चालीला बी५. काळ्याने ए५ करून बाजू बंद केली आणि सी६ चं घर पांढऱ्या हत्तीला कायमचं मोकळं झालं. ५२ व्या चालीला बी७ चा उंट एकदाचा हलला. तिसऱ्या चालीला तिथे बसलेला, ४९ चालींनी उठला! पुढच्याच चालीला हत्ती सी६ वर उतरला, ६१ व्या चालीला बी६ चं प्यादं पडलं, आणि ६५ व्या चालीला हत्ती बी८ वर गेल्यावर कापाब्लांकाने डाव सोडला. त्या स्पर्धेतली त्याची ती एकमेव हार. युवे पहिला आला, कापाब्लांका दुसरा, सुलतान खान तिसरा. सुलतान खानला मानद ग्रँडमास्टर किताब मिळायला मात्र २०२४ साल उजाडलं, तोही मरणोत्तर.

तुमच्या मुलाने सुलतान खान व्हावं असं मी म्हणत नाही, तशी प्रतिभा शंभर वर्षांत एखादी. पण डावातली पद्धत उचलता येते. मारण्याआधी एक प्रश्न विचारायचा: परत मारल्यावर त्याचं कुठलं मोहरं कुठे येईल, आणि त्याच्याकडे जे उरेल ते आधीपेक्षा चांगलं की वाईट? उत्तर 'चांगलं' असेल तर मारू नये, त्याला मारू द्यावं. ई फाइलवर हत्ती समोरासमोर असताना मुलाने आपला हत्ती ई१ वर राखून शांतपणे एखादं मोहरं सुधारलं असतं, तर मारायचं की नाही ही अडचण काळ्याची झाली असती. हा ताण सहन करायला शिकणं हे या वयातलं सगळ्यात मोठं काम आहे, आणि ते पुस्तकातून येत नाही, डाव हरूनच येतं.

दुसरं, घड्याळ. स्कोअरशीटवर (चाली लिहायच्या कागदावर) त्याने चालींशेजारी वेळ लिहिलेला दिसतो, फार चांगली सवय आहे, नियमात बसते, सोडू देऊ नका. त्यावरून दिसतं की ९० मिनिटं अधिक चालीमागे ३० सेकंद अशा डावात पहिल्या वीस चालींना त्याने फक्त अठरा मिनिटं घेतली. समोरचा भराभर खेळत होता म्हणून हाही खेळला. समोरच्याला ती पोझिशन पाठ होती, याला नव्हती. ज्या पाच मारामाऱ्यांनी डाव गेला, त्यांतल्या एकीवरही त्याने दोन मिनिटांपेक्षा जास्त विचार केलेला नाही. आणि हरल्यावर त्याच्या घड्याळात तासभर शिल्लक होता. तो वेळ घरी नेऊन काय करणार?

घड्याळ मोठ्यांनाही चुकत नाही. २०२५ च्या नॉर्वे चेसमध्ये गुकेशविरुद्ध कार्लसन डावाचा बराच काळ स्पष्ट वरचढ होता. गुकेश चिवटपणे अडवत राहिला, वेळ संपत आली, कार्लसनची घोड्याची चाल चुकली आणि डाव उलटला. अडवत राहायलाही वेळ हाताशी लागतो.

तिसरी गोष्ट तुमच्या मुलाच्या चोविसाव्या चालीत दिसते. काळ्याने बी७ चं प्यादं उघडं टाकलं होतं आणि ते बिनधास्त मारता येत होतं. मुलाने मारलं नाही. मी पैज लावतो, त्याच्या मनात आलं असणार: 'एवढ्या मोठ्या खेळाडूने सोडलंय म्हणजे त्यात काहीतरी असणारच.' माझी एक विद्यार्थिनी अशीच २१०० च्या खेळाडूपुढे थबकली होती. डाव संपल्यावर दोघं विश्लेषणाला बसले तेव्हा तो सरळ म्हणाला, मला दिसलंच नव्हतं. मोठ्या खेळाडूंनाही दिसत नाही! म्हणून रेटिंगला घाबरून नाही, हिशोब करून ठरवायचं. पाच मिनिटं घ्या, तीन चाली पुढे बघा, सापळा सापडला तर सोडा, नाही सापडला तर घ्या. घेऊन हरला तर त्या सापळ्याबद्दल काहीतरी शिकेल. न घेता हरला तर हातात काहीच नाही.

बरोबरी मागण्याबद्दलही थोडं. त्याने डावात तीनदा विचारलं असं तुम्ही लिहिलंय. हे बंद करा. नियमाने आपली चाल करायची, मग विचारायचं, मग घड्याळ दाबायचं, आणि स्कोअरशीटवर तशी खूण करायची. पण नियमापेक्षा मोठं म्हणजे, दर खेपेला समोरच्याला कळतं की हा घाबरलाय. डाव बिघडत असताना मागितलेली बरोबरी २२४० वाला कशाला देईल? मागायचीच तर एकदाच, तीही आपली बाजू बरी असताना आणि पुढे जाण्याचा धोका त्याला दिसत असताना. आणि उलट कधी मोठ्या खेळाडूनेच विचारलं, तर हो म्हणण्याआधी पाच मिनिटं पट नीट बघायचा. तो उगाच विचारत नाही.

आता तुमची ती काळजी, की अशा फेऱ्यांमुळे रेटिंग खराब होतं. आकडे बघा. एलोच्या, म्हणजे रेटिंग काढायच्या पद्धतीच्या, हिशोबात ४०० गुणांचा फरक म्हणजे वरचढ खेळाडूकडून अकरा डावांत दहा गुणांची अपेक्षा. फरक त्याहून मोठा असला तरी तुमच्या मुलाच्या पातळीवर हिशोबात ४०० च धरला जातो. अठरा वर्षांखालच्या, २३०० च्या आतल्या मुलांना के फॅक्टर (निकाल आणि अपेक्षा यांतल्या फरकाला ज्याने गुणतात तो आकडा) ४० असतो. म्हणजे ही हार त्याला सुमारे ३ गुणांना पडली. बरोबरी झाली असती तर सुमारे १७ वाढले असते, जिंकला असता तर सुमारे ३७. इतक्या स्वस्तात २२४० च्या खेळाडूसमोर अख्खा डाव बसायला मिळत असेल तर ती शिकवणी फुकट आहे. खरं रेटिंग जातं ते दुसऱ्या फेरीत. स्विस पद्धतीत पहिल्या फेरीला यादीचा वरचा अर्धा खालच्या अर्ध्याशी खेळतो. दोनशे खेळाडू असतील तर पहिला क्रमांक एकशे एकाव्याशी. तिथे हरलेल्या मुलाला पुढच्या फेरीत त्याच्याहून कमी रेटिंगचं कुणीतरी मिळतं, आणि कालच्या हारेचा राग काढायला म्हणून तो विसाव्या चालीच्या आत हल्ला करायला धावतो. दुसऱ्या फेरीचा डावही पाठवा, मला शंका आहे की तसंच काहीसं झालं असेल.

यादीतला क्रमांक अंदाज सांगतो, त्याहून जास्त काही नाही. नागपूरची दिव्या देशमुख २०२५ मध्ये बातुमीला महिला विश्वचषकात उतरली तेव्हा पंधराव्या मानांकनावर होती, ग्रँडमास्टर किताबासाठी लागणारा एक नॉर्मही (स्पर्धेतली ठरावीक दर्जाची कामगिरी) नव्हता. दुसऱ्या मानांकित झू जिनरला तिने बाहेर काढलं, आणि अंतिम फेरीत तिच्यासमोर कोनेरू हम्पी होती, जी दिव्याच्या जन्माआधी तीन वर्षं, २००२ मध्येच ग्रँडमास्टर झाली होती. दोन क्लासिकल (लांब वेळेचे) डाव बरोबरीत सुटले, रॅपिडमध्ये (कमी वेळेच्या डावांत) दिव्या जिंकली आणि त्याच विजयाने ग्रँडमास्टरही झाली.

मुलाला एक काम द्या. सुलतान खानचा डाव ४४ व्या चालीपर्यंत पटावर मांडा, पुढच्या चाली कागदाने झाका, इंजिन बंद ठेवा. त्याला पांढऱ्या बाजूला बसवा आणि विचारा: काळ्याचं कुठलं मोहरं सगळ्यात वाईट आहे, आणि ते तसंच अडकून राहावं म्हणून तू कुठलं प्यादं हलवशील? अर्धा तास लागला तरी चालेल. तो काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत, चुकीचं असलं तरी, मला लिहून पाठवा.